काम जमते, मुलाखत जमत नाही

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतीप्रधान राज्य. त्या राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात १९३३ साली डोनल्ड ट्रिपलेट जन्मला. वडील वकील, तर आईचे माहेर गावातल्या बँकेचे मालक. दोन वर्षांचा असताना डोनल्ड शंभरापर्यंत मोजत असे, मुळाक्षरे उलटसुलट म्हणून दाखवीत असे. पण आई समोर आली तरी त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटत नसे. ताटल्या, झाकणे, लाकडी ठोकळे, जे जे गोल फिरेल ते तो फिरवत बसे आणि त्यात कोणी अडथळा आणला की थयथयाट करी. १९३७ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. भेटीपूर्वी वडिलांनी कॅनर यांना मुलाचे वर्णन करणारे ३३ पानांचे पत्र पाठवले होते. पुढे १९४३ साली कॅनर यांनी अशा ११ मुलांची माहिती देणारा शोधनिबंध लिहिला. ऑटिझम, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, तिचे बालकांमधील वर्णन येथून वैद्यकशास्त्रात रूढ झाले. त्या निबंधातला पहिला मुलगा म्हणजे डोनल्ड.

इथवरची हकिकत पाठ्यपुस्तकांत सापडते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या मते शिक्षकांच्या उपयोगाची हकिकत तीच आहे.

डोनल्ड नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. १९४५ साली कॅनर स्वतः त्या शेतावर गेले. तेथे त्यांना जे दिसले त्याने ते चकित झाले. डोनल्डला त्या काळात मोजमापाचा नाद लागला होता. दिसेल ती वस्तू तो मोजत सुटे. शेतकऱ्याने त्याला विहीर खणण्याच्या कामाला लावले आणि तिची खोली किती झाली ते वेळोवेळी सांगायला लावले. तो मक्याच्या रांगा पुन्हा पुन्हा मोजत असे. शेतकरी म्हणाला, मोज, पण नांगर चालवता चालवता मोज. कॅनर यांच्यासमोर डोनल्डने सहा लांबलचक रांगा नांगरून दाखवल्या. घोडा आणि नांगर दोन्ही त्याच्या ताब्यात होते. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याची त्याची सवय तर घरात कोणालाच नको होती. तिच्यासाठी शेताच्या एका कोपऱ्यात त्याला दफनभूमी आखून दिली गेली. तेथे तो प्रत्येक जिवाच्या नावाची पाटी लावी. पाटीवर पहिले नाव त्याने ठेवलेले, मधले नाव त्या प्राण्याच्या जातीचे आणि आडनाव शेतकऱ्याचे! जन्मतारीख ‘अज्ञात’, मृत्यूची तारीख मात्र नोंदलेली.

या दांपत्याने मानसशास्त्राचे एकही पुस्तक वाचले नसावे. त्यांनी मुलाचा नाद मोडून काढला नाही, त्याला दिशा दिली. मोजण्याला विहीर मिळाली, रांगांना नांगर मिळाला.

डोनल्ड पुढे गावच्या शाळेत गेला, मिलसॅप्स महाविद्यालयातून १९५८ साली फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला आणि बँक ऑफ फॉरेस्टमध्ये नोकरीला लागला. त्या बँकेशी त्याचा संबंध सुमारे ६५ वर्षे टिकला. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटा परदेश प्रवास करी. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आता दुसरी बाजू. १९७१ साली कॅनर यांनी आपल्या ११ मुलांचा पुन्हा शोध घेतला. नोकरीत नीट स्थिरावलेले असे दोघेच होते. एक डोनल्ड, दुसरा फ्रेडरिक, जो एका सरकारी कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करीत होता आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याच्या चोखपणाबद्दल उत्तम शेरा दिला होता. ज्यांची रवानगी लहानपणीच सरकारी मनोरुग्णालयांत झाली होती, त्यांच्या अंगी आधी असलेली कौशल्येही मावळून गेली होती. निदान तेच, वर्णन करणारा डॉक्टर तोच. फरक बराचसा भोवतालात होता, असे कॅनर यांनाही वाटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डोनल्डला नोकरी देणारी बँक त्याच्या आजोळची होती. त्याला अनोळखी माणसांच्या मंडळापुढे बसून ‘तुमच्याविषयी थोडे सांगा’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले नाही. ज्यांच्या आजोबांची बँक नसते, त्यांचे काय होते?

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी सात-आठ मुले असू शकतात; त्यांतल्या काहींचे निदान झालेले असेल, काहींचे नसेल. भारतातील स्वमग्न प्रौढांच्या रोजगाराचा विश्वासार्ह आकडा आमच्या हाती नाही. ब्रिटनमध्ये मात्र अशी पाहणी होते. तेथे सरकारच्या विनंतीवरून सर रॉबर्ट बकलंड यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार काम करण्याच्या वयातील दर १० स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे तिघांनाच रोजगार होता. सर्व प्रकारच्या दिव्यांग व्यक्ती एकत्र धरल्या तर हेच प्रमाण १० पैकी पाच आणि दिव्यांग नसलेल्यांत १० पैकी आठ. बिनरोजगार स्वमग्नांतील बऱ्याच जणांना काम हवे आहे, हेही अहवाल सांगतो.

हा फरक का पडतो? स्वमग्न व्यक्तीला काम येत नाही म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मेंदूची जडणघडणच वेगळ्या रीतीने होण्याचा हा प्रकार असून तो जन्मापासूनचा असतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या वागणुकीमुळे किंवा लसीमुळे तो होतो, या समजुती संशोधनाने निकालात काढल्या आहेत. दुसऱ्यांशी संवाद साधण्याची वेगळी रीत, ठरावीक गोष्टींची तीव्र आवड, नेमस्तपणाची गरज, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना मिळणारा कमीअधिक तीव्र प्रतिसाद ही त्याची लक्षणे. यांतले शेवटचे लक्षण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ साली समाविष्ट झाले. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी विद्यापीठात शिकवतो. काहींना जन्मभर सोबत लागते. ‘स्वमग्न’ हा शब्द काहींना आवडत नाही, कारण त्यातून ही माणसे स्वतःतच बुडालेली असतात असा अर्थ निघतो. आक्षेप योग्य आहे. पण शब्द रुळला आहे म्हणून आम्ही तो वापरत आहोत.

पहिल्या दहा सेकंदांत

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही स्वमग्न आणि काही स्वमग्न नसलेल्या प्रौढांना एका काल्पनिक कार्यक्रमाच्या निवडीसाठी थोडा वेळ बोलायला सांगून त्यांचे चित्रण केले गेले. त्यातले काही सेकंदांचे तुकडे परक्या लोकांना दाखवण्यात आले. कोण स्वमग्न हे त्यांना सांगितलेले नव्हते. प्रश्न साधे होते. ही व्यक्ती हुशार वाटते का? आवडण्याजोगी वाटते का? तिच्याशी बोलायला आवडेल का? काहींना चित्र व आवाज दोन्ही दिले, काहींना नुसता आवाज, काहींना नुसते चित्र, काहींना एकच स्थिर छायाचित्र, आणि काहींना बोललेले शब्द फक्त कागदावर लिहून दिले.

या सगळ्या प्रकारांत स्वमग्न व्यक्तींना कमी पसंती मिळाली. अपवाद एकच होता. शब्द कागदावर वाचणाऱ्यांनी दोन्ही गटांत भेद केला नाही. म्हणजे ते काय बोलले यात उणे काही नव्हते. नजर कुठे होती, हात कसे हलत होते, स्वर कसा होता, यावरून मत बनले होते, आणि तेही काही सेकंदांत.

नोकरीची मुलाखत नेमकी याच गोष्टींवर चालते. उमेदवार डोळ्याला डोळा देतो का, हसतमुख आहे का, प्रश्नाच्या पोटातला प्रश्न ओळखतो का हे पाहिले जाते. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नाला ‘मला भविष्य दिसत नाही’ हे उत्तर खरे तर बिनचूक आहे, पण त्याला गुण मिळत नाहीत. जिथे रोज माणसांशीच गाठ पडते, उदाहरणार्थ विक्रेत्याचे काम, तिथे हे पाहणे समजू शकते. पण हिशेब तपासणे, प्रयोगशाळेत नमुने मोजणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, यंत्राच्या भागातील दोष शोधणे या कामांसाठी माणूस निवडतानाही आपण त्याच्या गप्पांचीच परीक्षा घेतो. वजन करायला फूटपट्टी वापरण्यासारखेच हे झाले.

मापनाचे हे साधन सुधारता येते का? इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात तसा प्रयत्न झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वमग्न व इतर उमेदवारांना आधी नेहमीचे मोघम प्रश्न विचारले आणि नंतर सुधारलेले. मोघम प्रश्न साधारण असा असतो: ‘तुम्ही गटात काम केले त्याविषयी सांगा.’ सुधारलेल्या प्रश्नात नेमके काय हवे ते फोडून सांगितले जाते. एकच प्रसंग निवडा; काम कोणते होते, तुमच्याकडे काय होते, तुम्ही काय केले, शेवटी काय झाले, या क्रमाने सांगा. अशा प्रश्नांनी स्वमग्न उमेदवारांची उत्तरे सुधारली. गंमत म्हणजे इतरांचीही सुधारली! तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

संवादाचा दोष एकाच बाजूला असतो, हेही गृहीत धरू नये. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना स्वमग्न माणसाचे मन कळत नाही हेही खरे आहे. एडिंबरा येथे कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी हे ‘कानगोष्टी’ या आपल्या ओळखीच्या खेळाने तपासले. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे आठ जणांपर्यंत. २०२० सालच्या या प्रयोगात केवळ स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच इतरांच्या साखळीतही. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. २०२५ साली हाच प्रयोग तीनशेहून अधिक जणांवर झाला तेव्हा मिश्र साखळीतली गळती आढळली नाही. तिन्ही प्रकारांत गोष्ट सारखीच पोहोचली. तेव्हा पहिल्या निष्कर्षाचा एक भाग सैल पडला आहे, हे वाचकांना सांगणे आवश्यक आहे. पण स्वमग्न माणसे माहिती सांगण्यात कमी पडतात, हे दोन्ही वेळा दिसले नाही.

काम दाखवा, स्वतःला नको

टेम्पल ग्रँडिन हे नाव काही वाचकांना ठाऊक असेल. १९४७ साली जन्मलेल्या या स्वमग्न बाई कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. गुरांना न बुजवता पुढे नेणाऱ्या वळणदार वाटांचे त्यांनी केलेले आराखडे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. बोलून समोरच्यावर छाप पाडणे त्यांना जमत नसे. म्हणून त्या आराखड्यांची गुंडाळी सोबत नेत आणि ती टेबलावर उलगडत. आराखडा पाहिल्यावर काम मिळे.

याच वाटेने पुढे जाऊन डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन यांनी २००४ साली ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी काढली. सॉन दूरसंचार क्षेत्रात नोकरीला होते, मुलगा स्वमग्न. एकदा त्या मुलाने स्मरणाने काढलेले चित्र पाहून ते बुचकळ्यात पडले. चौकोन आणि आकडे, आकडे आणि चौकोन. शोध घेतल्यावर कळले की, ते युरोपच्या नकाशासंग्रहातील अनुक्रमणिकेचे पान होते, जसेच्या तसे. सॉन यांच्या कंपनीत मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जोडायला आणि चालवायला देत, आणि काही आठवडे त्यांचे काम बघत. कंपनीचे बोधचिन्ह डँडेलियनचे फूल आहे. तिकडे हिरवळीत उगवले की ते तण समजून उपटतात, पण त्याची पाने खातात आणि मुळे औषधी मानतात. आपल्याकडे टाकळ्याचे तेच. एरवी रानटी म्हणून दुर्लक्षित, आणि पहिल्या पावसानंतर कोवळा असताना कोकणात त्याची भाजी होते.

सॅप या जर्मन संगणक कंपनीने या संस्थेच्या मदतीने स्वमग्न व्यक्तींना आज्ञावल्यांतील चुका शोधण्याचे काम देऊन पाहिले. तो प्रयोग प्रथम बंगळूरला झाला. तो यशस्वी झाल्यावर २०१३ साली कंपनीने जगभर अशी भरती करण्याचे जाहीर केले.

असे काम अनेकांना जमते यामागे काही कारण आहे. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ साली लंडनमध्ये स्वमग्न मुलांना गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली आकृती शोधायला दिली होती; त्यात ती मुले अपेक्षेपेक्षा सरस ठरली. चित्र एकंदर कशाचे आहे या विचारात न अडकता त्यांची नजर भागांकडे जाते.

पण येथे सावध राहायला हवे. सगळ्याच स्वमग्न व्यक्ती संगणकात किंवा गणितात अद्‌भुत असतात हा समज ‘रेन मॅन’ या १९८८ सालच्या चित्रपटाने फार पसरवला. तशा असामान्य व्यक्ती थोड्या. डोनल्डबाबतही गावात एक दंतकथा होती की, शाळेच्या इमारतीकडे एकदाच पाहून त्याने तिच्या दर्शनी भिंतीतील विटांची संख्या सांगितली. उतारवयात दोन पत्रकारांनी त्याला हे विचारले. त्याने सरळ सांगितले की, तो आकडा त्याने मनाने ठोकून दिला होता, कारण त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे असे त्याला वाटत होते. (८७ गुणिले २३ मात्र तो खरोखरच क्षणात सांगे. उत्तर २००१.) विटांच्या या गोष्टीत स्वमग्न मुलाला मित्र नको असतात या समजुतीचेही परस्पर उत्तर मिळते.

‘वेळ मिळेल तसे बघा’

माणूस नोकरीत शिरला तरी टिकेल कशाने? येथे विषय मोठ्या योजनांचा नसून बारीकसारीक गोष्टींचा आहे.

आपल्या कार्यालयांची भाषा ऐकून पाहा. ‘हे जरा बघून घ्या.’ ‘तशी घाई नाही, येता-जाता उरकून टाका.’ ‘बघू, सांगतो.’ यांतले एकही वाक्य जे म्हणते ते सांगत नाही. ‘घाई नाही’ याचा अर्थ ‘उद्या सकाळी टेबलावर हवे’ असाही असतो, आणि तो आपण साहेबांच्या स्वरावरून ओळखतो. स्वमग्न सहकारी शब्दांवर विश्वास ठेवतो. त्याला सांगावे लागते: ‘हे ३० अर्ज आवक नोंदवहीत चढवा. तारीख, नाव, विषय, एवढेच तीन रकाने. बुधवारी दुपारी ४ पर्यंत. झाले की नोंदवही कपाटात ठेवा आणि मला सांगा.’ शक्य असेल तर हे कागदावर द्यावे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ‘टीच’ नावाने ओळखली जाणारी शिक्षणपद्धत उभी केली. तिचा गाभा चार प्रश्नांचा आहे. कोणते काम करायचे? किती करायचे? संपले हे कसे कळेल? नंतर काय? मुलाने प्रश्न न विचारता ही उत्तरे त्याला मांडणीतूनच दिसावीत, अशी व्यवस्था करतात. डावीकडच्या ट्रेमध्ये न केलेले काम, उजवीकडे झालेले. डावा ट्रे रिकामा म्हणजे काम संपले. वर्गात वापरलेली हीच रीत कारखान्यातही चालते.

आता उजेड आणि आवाज. जुन्या चोकवरच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, कारण आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो. वर्गात हे दाखवायचे असेल तर अशा दिव्याखाली पेन्सिल वेगाने हलवावी. सलग पट्ट्याऐवजी तुटक तुटक पेन्सिली दिसतात. काही स्वस्त एलईडी दिव्यांतही हे दिसते. बहुतेकांच्या नजरेला हा बदल जाणवत नाही. कित्येक स्वमग्न प्रौढांनी मात्र अशा उजेडात डोके दुखते, अक्षरे हलतात असे नोंदवले आहे. आवाजाचेही तसेच. पंख्याची घरघर आपला मेंदू थोड्या वेळाने ऐकणे सोडून देतो. काहींच्या बाबतीत ती दिवसभर पहिल्या क्षणाइतकीच ऐकू येत राहते. अशा माणसाला खिडकीजवळची जागा, कानावर लावायचे आवाजरोधक आणि मधल्या सुट्टीत एकटे बसण्याची मुभा मिळाली की त्याचे काम सुधारते. चहाच्या टोळक्यात तो येत नाही म्हणून त्याला माणूसघाणा ठरवू नये. लोकांसारखे दिसण्यासाठी दिवसभर हसण्याचा, डोळ्यांत पाहण्याचा अभिनय करणे अतिशय थकवणारे असते. घरी गेल्यावर त्यांच्यात दुसरे काही करण्याचे त्राण उरत नाही, असे अनेक जण सांगतात. सहकाऱ्यांना निदान सांगायचे की नाही, हा निर्णयही त्याचाच असावा.

शाळेचे शेवटचे वर्ष रुग्णालयात

ज्यांना बरीच मदत लागते अशा मुलांचे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. अमेरिकेत सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली ‘प्रोजेक्ट सर्च’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात दिव्यांग विद्यार्थी शाळेचे शेवटचे वर्ष शाळेत न काढता रुग्णालयात काढतात. रोज थोडा वेळ वर्ग, उरलेला वेळ प्रत्यक्ष काम. सामानाचे कप्पे भरणे, उपकरणे निर्जंतुक करण्यास मदत करणे अशी एकेका विभागातली कामे काही आठवडे शिकायची, मग दुसऱ्या विभागात जायचे. सोबत शिकवणारा माणूस असतो, आणि तो हळूहळू मागे सरकतो.

व्हर्जिनिया राज्यात पॉल वेमन आणि सहकाऱ्यांनी हा उपक्रम स्वमग्न तरुणांसाठी वापरून त्याची कसोटी घेतली. मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीविना पाडले होते. त्यामुळे हुशार मुले एकाच गटात गेली, असा आक्षेप घेता येत नाही. २०१४ साली आलेले निकाल असे: उपक्रमातील २४ जणांपैकी २१ जणांना बाहेरच्या बाजारात नोकरी लागली, नेहमीच्या शाळेत राहिलेल्या १६ जणांपैकी एकाला. संख्या लहान आहे हे मान्य, पण फरक इतका मोठा आहे की, तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्यांतल्या कोणालाही आधी ‘तयार’ करून मग कामाला पाठवले नव्हते. कामाच्या जागीच ते काम शिकले. ही बाब महत्त्वाची आहे, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरणे अनेक स्वमग्न मुलांना जड जाते. वर्गात खोट्या नाण्यांनी हिशेब करणारा मुलगा दुकानात अडू शकतो.

आपल्याकडे विशेष शाळांच्या व्यवसाय विभागात मुले पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या चिकटवतात. वस्तू सुबक असतात आणि दिवाळीत विकल्या जातात. पण प्रत्येक मुलाला पणतीच का, हे कोणी विचारत नाही. ज्याला रेल्वेचे वेळापत्रक पाठ आहे, त्याच्या हातात ब्रश देऊन आपण त्याची विहीर बुजवतो आहोत.

कायदा आणि शाळा

१९९५ सालच्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. या कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. वाटेकरी बरेच, हे खरे. पण कायद्यात त्याहून व्यापक अशी एक कल्पना आहे, ती वाजवी तजविजेची. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून गरजेप्रमाणे, आणि संस्थेवर अवाजवी भार न पडेल असे, फेरबदल करणे म्हणजे ही तजवीज. सरकारी आस्थापनांवर ती बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणे ही तजवीज सर्वांना समजते. लेखी सूचना आणि शांत कोपरा हीदेखील तजवीजच आहे आणि तिला सिमेंटही लागत नाही, हे अजून बऱ्याच कार्यालयांना ठाऊक नाही.

दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती असतात, आणि आपले लक्ष त्या मिळवण्यातच संपते. गुणपत्रिका हाती आल्यावर पुढे काय, याची तयारी आठवीपासून करता येईल. त्यासाठी शाळेत जागाही पुष्कळ आहेत. ग्रंथालयात पुस्तके वर्गीकरण क्रमांकाने लावणे. प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या, भिंगे, वजने मोजून डेडस्टॉक रजिस्टरशी ताळा करणे. पर्जन्यमापकाची रोजची नोंद. खिचडीच्या तांदळाचे वजन. यांतले एक खरे काम मुलाला द्यावे, रोज ठरलेल्या वेळी, आणि चुकले तर चुकले म्हणून सांगावे. खरे म्हणजे ते झाले नाही तर शाळेचे अडेल असे.

सोबत वर्गशिक्षकांनी एका पानाची नोंद ठेवावी. मुलाला काय आवडते, कोणती सूचना कशी दिली की समजते, कशाने तो गोंधळतो, गोंधळला की किती वेळ एकटा सोडावा, कोणते काम त्याने किती दिवस सलग केले. ही नोंद मुलाला वाचून दाखवावी आणि त्याच्या सांगण्यावरून दुरुस्त करावी. तो बोलत नसेल तर चित्रांवर बोट ठेवून निवडू द्यावे. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर या पानाची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. मुलाखतीला जाताना ती टेबलावर ठेवायची की नाही, ते तो ठरवील.